तापीकाठच्या पोटात समुद्र

‘काय भो, समुद्र कुठे अन् आपण कुठे?’ जळगाव किंवा धुळ्यातल्या कुठल्याही कॉलेज कट्ट्यावर समुद्री शेवाळ आणि पोटाचं आरोग्य हा विषय काढून बघा, पहिला प्रश्न हाच येणार. प्रश्न बरोबरही आहे. आपल्याकडे केळी, कापूस, भरिताची वांगी आणि ४५ अंशांचं ऊन. समुद्राशी आपलं नातं म्हणजे आठवडे बाजारातले सुके बोंबील आणि मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळणारी तापी.

पण समुद्र उलट दिशेनेही येतो, आणि तो आपल्या पोटापर्यंत पोहोचलेला आहे. कॅन्टीनमधल्या फ्लेवर्ड मिल्कच्या बाटलीमागची बारीक अक्षरं वाचा. ‘स्टॅबिलायझर ४०७’ असं काही दिसलं तर ते कॅराजिनन, म्हणजे लाल समुद्री शेवाळातून काढलेला पदार्थ. ४०६ दिसलं तर आगर, आपल्या आईच्या भाषेत ‘चायना ग्रास’. ४०१ म्हणजे सोडियम अल्जिनेट, तपकिरी शेवाळातून आलेलं. जळजळ झाल्यावर घेतात त्या काही पातळ औषधांतही अल्जिनेट असतं. आणि आता मोबाइल उघडला की ‘गट हेल्थ’च्या रील्स सुरू. कुणी शेवाळाच्या गमीज विकतंय, कुणी फिश ऑइल, कुणी कोळंबीच्या टरफलापासून बनवलेल्या कायटोसानच्या कॅप्सूल. महिन्याच्या मेसच्या खर्चातला चांगलाच हिस्सा एका डबीत जाईल अशा किमती.

या सगळ्यात खरं किती? यातल्या काही गोष्टींमागे पक्कं विज्ञान आहे, काहींमागे अर्धवट आहे आणि काहींमागे फक्त चांगला कॅमेरा आहे. कोणत्या कशात मोडतात ते बघू या.

आधी आपल्या लॅबमधला समुद्र

मायक्रोबायोलॉजीच्या विद्यार्थ्यांना समुद्र रोज भेटतो, त्यांच्या लक्षात येत नाही एवढंच. पेट्री डिशमध्ये ओततात ते आगर लाल समुद्री शेवाळातून येतं. ते लॅबमध्ये आलं ते स्वयंपाकघरातून. १८८१ साली रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वाल्टर हेस नावाचे डॉक्टर काम करत होते. जंतू वाढवायला ते जिलेटिन वापरत. उन्हाळा आला की जिलेटिन वितळायचं, शिवाय काही जंतू ते खाऊनही टाकायचे. त्यांची पत्नी फॅनी हेस त्यांच्या कामासाठी चित्रं काढायच्या आणि घरी जेलीसाठी आगर वापरायच्या. जावा बेटावर राहून आलेल्या एका शेजाऱ्यांकडून त्या ते शिकल्या होत्या. ‘आगर वापरून बघा,’ हे त्यांनी सुचवलं. १८८२ च्या क्षयरोगाच्या जंतूवरच्या निबंधात कॉख यांनी आगरचा उल्लेख केला, हेस दांपत्याचा मात्र नाही.

आगर एकदा गोठलं की ८५ अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय वितळत नाही. भुसावळच्या मे महिन्यातही त्याची प्लेट टिकते. पण आपल्या विषयासाठी दुसरा गुण महत्त्वाचा आहे. जिलेटिन खाणाऱ्या बहुतेक जंतूंना आगर पचवता येत नाही आणि माणसालाही येत नाही. आपल्या शरीरातले एन्झाइम भाकरीतला स्टार्च तोडतात, पण शेवाळातल्या साखरेच्या लांबलचक साखळ्या तोडण्याची कात्री आपल्याकडे नाही. त्यामुळे आगर, अल्जिनेट, कॅराजिनन हे सगळे पदार्थ जठर आणि लहान आतडं ओलांडून जवळजवळ जसेच्या तसे मोठ्या आतड्यात पोहोचतात. तिथे अब्जावधी जिवाणू वाट बघत असतात. पोटाच्या आरोग्याची खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते.

कात्री उसनी घेणारे जिवाणू

२०१० मध्ये फ्रान्समधल्या रोस्कॉफ इथल्या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. समुद्री शेवाळावर जगणाऱ्या झोबेलिया नावाच्या जिवाणूत त्यांना पॉर्फिरानेज हे नवं एन्झाइम सापडलं. सुशीला गुंडाळतात त्या नोरी शेवाळातली साखर ते तोडतं. हेच जनुक आणखी कुणाकडे आहे का, हे त्यांनी शोधलं तेव्हा ते सापडलं जपानी माणसांच्या आतड्यातल्या एका जिवाणूत. तुलनेसाठी घेतलेल्या उत्तर अमेरिकेतल्या लोकांच्या नमुन्यांत ते नव्हतं.

म्हणजे झालं काय असावं? जपानी लोक शतकानुशतकं शेवाळ खात आले. त्यावर बसलेले समुद्री जिवाणूही पोटात गेले आणि त्यांच्याकडची कात्री तिथल्या रहिवासी जिवाणूंनी उचलली. एका समाजाचं ताट त्याच्या आतड्यातल्या जिवाणूंची जनुकं बदलू शकतं, याचं हे ठळक उदाहरण.

यातून आपल्यासाठी एक साधी गोष्ट निघते. शेवाळाची पावडर ओसाकातल्या माणसाच्या पोटात जे करेल, तेच एरंडोलच्या माणसाच्या पोटात करेल असं गृहीत धरता येत नाही. जिवाणू वेगळे तर परिणाम वेगळा. रीलमध्ये ‘जपानी लोकांच्या आरोग्याचं रहस्य’ म्हणून डबी दाखवतात तेव्हा हा मुद्दा गाळलेला असतो.

जळजळीवरचा तराफा

आता चांगली बातमी. शेवभाजीची तर्री जास्त झाली आणि रात्री छातीत जळजळ सुरू झाली, तर अल्जिनेट असलेलं औषध खरंच काम करतं. त्याची युक्ती मजेशीर आहे. जठरातल्या आम्लाशी गाठ पडली की अल्जिनेटचा जेल बनतो. औषधातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्याचे बुडबुडे त्या जेलमध्ये अडकतात. जेल हलका होऊन जेवणावर तरंगतो, पाण्यावरच्या तराफ्यासारखा. आम्ल वर अन्ननलिकेत उसळायला लागलं की हा तराफा आडवा येतो. अनेक चाचण्यांचा एकत्रित अभ्यास झाला तेव्हा प्लासिबो आणि साध्या अँटासिडपेक्षा अल्जिनेटने लक्षणं जास्त कमी झाल्याचं दिसलं.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा परिणाम जठर आणि अन्ननलिकेतला आहे, आतड्याचे जिवाणू ‘सुधारल्याचा’ नाही. आणि आठवड्यातून बऱ्याच वेळा बाटली लागत असेल तर तर्रीला दोष देऊन भागणार नाही, डॉक्टरांना दाखवावं लागेल.

उंदराचा पंजा आणि चॉकलेट दूध

खान्देशात फार्मसीची कॉलेजं भरपूर आहेत. शिरपूर, चोपडा, फैजपूर, जळगाव, धुळे, कुठेही जा. फार्माकॉलॉजी शिकलेल्यांना कॅराजिननची ओळख वेगळी आहे. सूज कमी करणारं औषध तपासायचं असेल तर उंदराच्या पंजात कॅराजिननचं इंजेक्शन देतात. पंजा सुजतो, मग औषध देऊन सूज किती उतरली ते मोजतात. १९६२ पासून ही पद्धत जगभर चालते.

मग तोच पदार्थ दुधात कसा चालतो? पदार्थ शरीरात कुठून जातो आणि कोणत्या रूपात जातो, यावर बरंच ठरतं. इंजेक्शनने थेट पेशींत शिरणं वेगळं आणि अन्नासोबत आतड्यातून जाणं वेगळं. १९६९ च्या सुमारास गिनिपिगना आम्लाने तोडलेलं, लहान रेणूंचं कॅराजिनन पाण्यातून दिलं तेव्हा त्यांच्या मोठ्या आतड्यात व्रण झाले. अन्नात वापरतात ते मोठ्या रेणूंचं असतं आणि तोडलेलं रूप अन्नात वापरायला परवानगी नाही. तरी वाद मिटलेला नाही. युरोपियन अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये फेरविचार करून शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ७५ मिलिग्रॅम ही तात्पुरती मर्यादा कायम ठेवली आणि आणखी माहिती मागितली.

अधूनमधून एखादी चॉकलेट दुधाची बाटली पिणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. पण ज्यांना आतड्याच्या दाहाचा आजार आहे, त्यांनी पाकिटामागची अक्षरं वाचून आपल्या डॉक्टरांशी बोलणं शहाणपणाचं. ‘नैसर्गिक’ आणि ‘समुद्रातून आलेलं’ हे शब्द इथेही आहेत, हे मात्र विसरू नका. नैसर्गिक असणं हे चांगल्याचं प्रमाणपत्र नाही.

७८ रुग्ण आणि ७०० रुग्ण

आता या विषयातली सगळ्यात शिकवून जाणारी गोष्ट, माशाच्या तेलाची. क्रोन्स हा आतड्याच्या दाहाचा चिवट आजार. तो शांत होतो आणि पुन्हा उलटतो. १९९६ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी अशा ७८ रुग्णांवर प्रयोग केला. निम्म्यांना फिश ऑइलच्या खास कॅप्सूल, निम्म्यांना प्लासिबो. वर्षभरात प्लासिबो गटात ६९ टक्के रुग्णांचा आजार उलटला, फिश ऑइल गटात फक्त २८ टक्के. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’सारख्या मानाच्या नियतकालिकात हे छापून आलं. कुणालाही वाटेल, झालं, औषध सापडलं.

मग मोठ्या चाचण्या झाल्या. एपिक-१ आणि एपिक-२, दोन्ही मिळून ७०० हून जास्त रुग्ण, अनेक देश. २००८ मध्ये निकाल आला. पहिल्या चाचणीत वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण सुमारे ३२ विरुद्ध ३६ टक्के, दुसरीत ४८ विरुद्ध ४९. म्हणजे ओमेगा-३ घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत म्हणावा असा फरक नाही. बारा वर्षांपूर्वीची आशा तिथे थांबली.

पहिल्या डॉक्टरांनी लबाडी केली होती का? नाही. थोड्या रुग्णांवरच्या प्रयोगात योगायोगाचा वाटा मोठा असतो, म्हणूनच मोठी चाचणी करायची. अडचण अशी की डबी विकणारा १९९६ चा अभ्यास दाखवतो आणि २००८ चा दाखवत नाही.

असंच एक ताजं उदाहरण. तपकिरी शेवाळातल्या साखरेपासून बनवलेल्या जीव्ही-९७१ या औषधाला चीनने नोव्हेंबर २०१९ मध्ये अल्झायमरसाठी सशर्त मान्यता दिली. ते आतड्यातले जिवाणू बदलून मेंदूतला दाह कमी करतं, असा दावा होता. जगभर बातम्या झाल्या. मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी सुरू झाली, पण २०२२ मध्ये कंपनीने निधी आणि कोविडची कारणं देत ती मधेच थांबवली. दावा मोठा असला की पुरावाही तेवढाच मोठा मागायचा, हा साधा नियम इथे लागू होतो.

दावा कोणत्या पायरीवर आहे?

‘संशोधनाने सिद्ध’ हे शब्द दिसले की एकच प्रश्न विचारा : कोणत्या पायरीवर? पहिली पायरी पेट्री डिश. तिथे पदार्थ पेशींवर थेट ओतलेला असतो. दुसरी पायरी उंदीर. आतड्याच्या दाहाच्या संशोधनात उंदराला डेक्स्ट्रान सल्फेट नावाचं रसायन पाण्यातून पाजून मुद्दाम दाह घडवतात आणि मग शेवाळाचा अर्क देऊन बघतात. फ्युकॉइडानसारख्या समुद्री पदार्थांबद्दलचे बरेचसे गोड निष्कर्ष या पायरीवरचे आहेत. पण उंदराचा आठवड्यात घडवलेला दाह आणि माणसाचा वर्षानुवर्षांचा आजार या दोन वेगळ्या गोष्टी. तिसरी पायरी थोडी माणसं, चौथी पुष्कळ माणसं. फिश ऑइल तिसऱ्या पायरीपर्यंत दिमाखात चढलं आणि चौथीवर घसरलं. कायटोसानचंही तसंच. ‘चरबी शोषून वजन उतरवतं’ म्हणून विकतात, पण २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात वजनावरचा परिणाम अगदी किरकोळ निघाला.

याचा अर्थ कायटोसान निरुपयोगी असा नाही. औषध वेष्टित करून थेट मोठ्या आतड्यापर्यंत नेण्यासाठी कायटोसान आणि अल्जिनेटवर भरपूर काम चालतं. कल्पना सोपी आहे : वेष्टन वरच्या भागात पचत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू ते तोडतात आणि औषध नेमकं तिथे सुटतं. औषध म्हणून न चाललेला पदार्थ औषधाची गाडी म्हणून चालू शकतो. बी.फार्म., एम.फार्म. करणाऱ्यांनी इथे नजर ठेवावी.

खिसा, डॉक्टर आणि लाज

काही व्यवहाराच्या गोष्टी. आपल्या देशात न्यूट्रास्युटिकल हे कायद्याने अन्न आहे, औषध नाही. त्याच्या डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना आणि एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक हवा. ‘कोलायटिस बरा करतं’ असं तिथे लिहिता येत नाही. कुणी तसं सांगत असेल तर तो नियम मोडतोय.

कोळंबी-खेकड्याची अॅलर्जी असेल तर कायटोसानपासून जपून. शाकाहारी असाल तर आगर आणि अल्जिनेट चालतील, कोळंबीच्या टरफलाचं कायटोसान नाही. थायरॉइडचा त्रास असेल तर केल्प, कोंबूसारख्या शेवाळाच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं आणि वाळलेल्या कोंबूच्या एका ग्रॅममध्ये त्याच्या कितीतरी पट असू शकतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. खोली करून राहणारी, बाहेरचं खाणारी मुलं-मुली पोटाचे त्रास लपवतात. शौचातून रक्त जाणं, विनाकारण वजन उतरणं, रात्री झोपेतून उठून शौचाला जावं लागणं, कित्येक आठवडे न थांबणारे जुलाब. ही लक्षणं सांगायला लाज वाटते, मग ऑनलाइन पावडर मागवली जाते आणि महिने निघून जातात. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आजार बऱ्याचदा याच वयात, पंधरा ते पस्तिसात डोकं वर काढतात. लवकर निदान झालं तर ते आटोक्यात राहतात. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. केसपेपर शेवाळाच्या डबीपेक्षा फार स्वस्त पडतो. आणि निदान झालं असेल तर सुरू असलेलं औषध कुठल्याही ‘समुद्री’ गोळीसाठी बंद करू नका.

आपल्या ताटातलं आगर

शेवाळाचे तंतू मोठ्या आतड्यात जाऊन जे चांगलं करतात असं म्हणतात, ते नेमकं काय? जिवाणू त्या तंतूंना आंबवतात आणि त्यातून लहान साखळीची मेदाम्लं तयार होतात. त्यातलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन आहे. पण हे इंधन बनवायला शेवाळच लागतं असं कुणी सांगितलं? कच्च्या केळीत रेझिस्टंट स्टार्च भरपूर असतो आणि तोही न पचता खाली पोहोचतो. केळ पिकलं की त्याची साखर होते, म्हणून यासाठी कच्च्या केळ्याची भाजी बरी (वेफर्स नाही, तिथे तेल जास्त होतं). ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, तुरीची डाळ, गवार, भरीत, सगळ्यात तंतू आहेत. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे दिवसाला साधारण ३० ग्रॅम तंतू हवेत. मेसमधली मैद्याची रोटी आणि संध्याकाळचा वडापाव यांतून ते येत नाहीत. आठवड्यातून चार दिवस भाकरी, हा सल्ला रीलवर चालणार नाही, कारण त्यात विकायला काही नाही.

म्हणून समुद्राकडे पाठ फिरवावी असंही नाही. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यातल्या दोना पावला इथे आहे. भावनगरची केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्था शेवाळावर काम करते. कोचीच्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने शेवाळापासून पूरक उत्पादनं बनवली आहेत. मुंबईत मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे. मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, फार्मसी शिकलेल्यांना या वाटा मोकळ्या आहेत आणि त्यासाठी समुद्रकिनारी जन्मावं लागत नाही. आपल्या केळीबागांतही ठिबकमधून समुद्री शेवाळाचा अर्क जातोच की.

उलट आपल्याकडे एक प्रश्न आयता पडलेला आहे. शेवाळ खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंनी समुद्राची कात्री उचलली. मग पिढ्यान् पिढ्या कळण्याची भाकरी आणि डाळ खाणाऱ्या आमोद्याच्या, साक्रीच्या, अमळनेरच्या आजीच्या पोटातल्या जिवाणूंकडे कोणत्या कात्र्या असतील? आणि होस्टेलच्या नूडल्सवर वाढलेल्या तिच्या नातवाकडे त्यातल्या किती उरल्या असतील? विद्यापीठाच्या जीवशास्त्र प्रशाळेत बसून कुणाला एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा विषय सुचत नसेल, तर हा घ्या. आगरच्या प्लेट्स तिथे आधीपासून आहेत.